गोड वासाचा हिशेब

१८९७, कोल्हापूर

ऊन उतरतीला लागलंय. शहरात रेल्वे येऊन सहा वर्षं झाली, शाहू महाराज गादीवर बसून तीन. तुम्ही चर्मकारांच्या आळीत एका ओसरीपाशी उभे आहात. नाकात आधी शिरतो तो बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा तुरट वास, त्याच्या मागोमाग कमावलेल्या कातड्याचा.

"कुठनं आलासा, पाव्हणं? पुण्यास्नं न्हवं न्हवं? तिकडं पिलेग हाय म्हणं." म्हातारा मान वर न करताच विचारतो. तुम्ही नाही म्हणता, तसा तो हातानं बसायची खूण करतो.

तुम्ही त्याच्या हातांकडं बघत राहता. रापीनं त्यानं कातड्याची बारीक पट्टी काढलीय. ही वादी. ती पाण्यात भिजवून मऊ केलीय. तळाचे थर एकावर एक धरून तो आरीनं भोक पाडतो, वादी ओवतो आणि सगळा जोर लावून ताणतो. ओली वादी सुकली की आवळते आणि शिवण घट्ट बसते. या पायताणात खिळा नाही, डब्यातलं चिकटवायचं सोल्यूशन नाही. म्हाताऱ्याच्या पाठीला बाक आलाय, कामाचं मोल त्याला कधी पुरतं मिळालेलं नाही, आणि समाजानं त्याला लांबच ठेवलंय. त्याची दुःखं कमी नाहीत. पण दिवसभर शिवताना त्याच्या श्वासातून रक्त नासवणारं काही आत जात नाही.

याच वर्षी स्वीडनमधल्या उप्साला शहरात सायकलच्या धावा बनवण्याचा कारखाना चालू आहे. एका पावलात तुम्ही तिथं पोचता. रबर विरघळवायला मोठाल्या भांड्यांत पाण्यासारखा पातळ, बिनरंगाचा द्रव ओतलाय. खोलीभर गोडसर वास कोंदलाय. काम करणाऱ्या बहुतेक पोरी तरुण आहेत. त्यांतल्या काहींच्या हिरड्यांतून रक्त येतंय, अंगावर मार न लागता काळेनिळे डाग उठलेत, चेहरे पांढरेफटक पडलेत. कार्ल गुस्ताफ सॅंटेसन नावाचे डॉक्टर या आजाऱ्यांची नोंद करतायत. चौघी वाचणार नाहीत. सॅंटेसन यांनी दोष ज्या द्रवावर ठेवला, त्याचं नाव बेंझीन.

१८२५ आणि १८४५, लंडन

हा द्रव आला कुठून, हे बघायला आणखी मागं जावं लागतं. १८२५ साली मायकेल फॅरेडे दिव्याच्या गॅसच्या टाक्यांत तळाशी साठणारं तेल तपासतायत. ते पुन्हा पुन्हा उकळून, थंड करून त्यांनी एक निर्मळ द्रव वेगळा काढलाय. तो साधारण ८० अंश सेल्सिअसला उकळतो आणि ५.५ अंशांच्या खाली गोठून त्याचे स्फटिक होतात. त्याच्या रेणूत कार्बनचे सहा आणि हायड्रोजनचे सहा अणू आहेत. ते कड्यासारखे जोडलेले असावेत, हे आउगुस्ट केकुले १८६५ मध्ये मांडतील.

वीस वर्षं पुढं या. १८४५. आउगुस्ट हॉफमन यांना तोच द्रव डांबरात सापडलाय. दगडी कोळसा हवा लागू न देता तापवला की गॅस निघतो, मागं कोक उरतो आणि चिकट डांबर गोळा होतं. त्या डांबरात बेंझीन असतं. हॉफमनचे शिष्य चार्ल्स मॅन्सफिल्ड ते मोठ्या प्रमाणावर काढायची रीत बसवतात. १८५५ मध्ये हाच द्रव उतू जाऊन पेटतो आणि त्या भाजण्यात त्यांचा जीव जातो. बेंझीन झटकन पेटतं, हे त्या अपघातानं दाखवून दिलं. ते न पेटताही माणूस मारतं, हे कळायला उप्सालाच्या त्या पोरी आजारी पडाव्या लागल्या.

कोळसा हवेशिवाय तापवण्याची ही रीत ध्यानात ठेवा. कोल्हापुरात ती पुन्हा भेटणार आहे.

१९४८, दोन कागद

कोल्हापूर अजून संस्थान आहे; मुंबई प्रांतात विलीन व्हायला १ मार्च १९४९ उजाडायचा आहे. या एका वर्षात दोन कागद तयार होतात. दोन्ही तुम्ही वाचायला हवेत.

पहिला दिल्लीत. स्वतंत्र भारताचा कारखाने अधिनियम, १९४८. कामामुळं होणाऱ्या आणि सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांची त्यात यादी आहे. शिसं, पारा, फॉस्फरस यांच्याबरोबर बेंझीनची विषबाधाही त्या यादीत आहे. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार असले की हा कायदा लागू होतो. त्याहून लहान शेड आणि घरातली ओसरी त्याच्या बाहेर राहते.

दुसरा अमेरिकेत. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटसाठी केलेल्या बेंझीनच्या आढाव्यात निष्कर्ष असा निघतो, की पूर्णपणे सुरक्षित म्हणावं असं बेंझीनचं प्रमाण एकच, शून्य. हे तेल विकणाऱ्यांच्याच संस्थेच्या कागदावर छापलंय.

आता हे दोन्ही कागद खिशात घालून उद्यमनगरात चला.

१९७२, शिवाजी उद्यमनगर

लेथचा आवाज, लोखंडाच्या कीसाचा ढीग, ऑइल इंजिनाची धडधड. उसाला नदीचं पाणी उचलायला शेतकऱ्याला इंजिन पाहिजे, आणि म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी ज्या गावाला यंत्र उघडून बघायची हिंमत दिली, ते गाव आता गल्लीगल्लीत इंजिनं बनवतंय. कोणाच्या पदवीवाचून, हाताच्या कसबावर उभं राहिलेलं हे वैभव बघून तुमचा ऊर भरून येतो.

शेडच्या कोपऱ्यात एक पोरगा उकिडवा बसलाय. वय पंधरा-सोळा. पुढ्यात वरून कापलेला तेलाचा डबा, त्यात पेट्रोल. सुटे भाग त्यात बुडवायचे, ब्रशनं घासायचे, फडक्यानं पुसायचे. हात कोपरापर्यंत ओले. बाहेर काढले की वाऱ्यानं पेट्रोल उडून जातं आणि कातडी पांढरी, खरखरीत दिसते.

"काय बघाय लागलाईसा? हात घालून बघा की," मेस्त्री म्हणतात. "रॉकेलनं नीट निघत न्हाई. ह्येनं तेल एका दमात निघतंय."

पेट्रोल कमी पडतं, तसा पोरगा उठतो. मोटारसायकलच्या टाकीत नळी घालतो, दुसरं टोक तोंडात धरून ओढतो, चूळ भरल्यासारखं थुंकतो आणि हसतो. सगळेच असं करतात. पेट्रोलमध्ये बेंझीन मुळातच असतं, आणि या काळात त्यावर आजच्यासारखी मर्यादा नाही. पोरगा संध्याकाळी हातही पेट्रोलनंच धुतो. थोडं डोकं धरतं, थोडी नशा आल्यासारखी वाटते. घरी जाऊन भाकरी खाल्ली की बरं वाटतं. म्हणून तो कुणाला काही सांगत नाही.

या दिवसांत इस्तंबूलमध्ये डॉ. मुझफ्फर अक्सोय रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण मोजतायत. ते सगळे चपला-बूट बनवणारे कारागीर. बेंझीन असलेलं सोल्यूशन लहानशा बंद खोल्यांत वापरणारे. १९६७ ते १९७३ या काळात असे २६ रुग्ण त्यांना सापडले. पुढं ते द्रव्य बदललं, तशी तिथल्या रुग्णांची संख्याही उतरली. उद्यमनगरातल्या मेस्त्रीला ही बातमी पोचवणारं कुणी नाही.

त्या पोराच्या शरीरात

आता त्याच्या श्वासाबरोबर आत चला. वाफ फुप्फुसात जाते आणि बरीचशी रक्तात उतरते. थोडं कातडीतूनही झिरपतं. रक्त ते यकृताकडं नेतं. यकृत आपलं काम करतं: परकं द्रव्य लघवीवाटे बाहेर टाकता यावं म्हणून त्याचं रूप बदलतं. बेंझीनचं फिनॉल होतं, हायड्रोक्विनोन होतं. एरवी हे शरीराच्या भल्याचं काम, पण या द्रव्याच्या बाबतीत तेच उलटतं. हे नवे पदार्थ हाडांच्या आतल्या मज्जेत पोचतात आणि तिथं त्यांची आणखी जहाल रूपं तयार होतात.

मज्जा म्हणजे रक्ताची जननी. रोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी तिथं जन्म घेतात. शिवाय जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स. या सगळ्यांच्या मूळ पेशींवर तो घाला पडतो. काही मरतात. काहींच्या गुणसूत्रांत तोडमोड होते आणि त्या तशाच जगत राहतात. पोराला यातलं काही जाणवत नाही. मज्जेला दुखत नाही.

या प्रवासात तुम्ही नाकावर भिस्त ठेवली, पण नाकाचं इथं चालत नाही. अमेरिकेनं १९८७ साली आठ तासांच्या पाळीसाठी ठरवलेली मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत बेंझीनचा एक भाग, एवढी आहे. माणसाच्या नाकाला बेंझीनचा वास कळू लागतो तोवर ती रेषा ओलांडलेली असते. आणि वास नाकाच्या सवयीचा झाला की तोही येईनासा होतो.

१९९२, एक दवाखाना

तो पोरगा आता पस्तिशीचा मेस्त्री आहे. शहरातल्या एका दवाखान्याच्या बाकावर बायकोच्या शेजारी बसलाय. दोन जिने चढला की धाप लागते. ताप उतरत नाही. दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. मांडीवर निळा डाग आहे, कशानं आला ते आठवत नाही.

डॉक्टर ताप किती दिवसांचा ते विचारतात, जेवणखाण विचारतात, घरात कुणाला असं झालंय का ते विचारतात. काम काय करता, हे विचारायचं राहून जातं. केसपेपरवर त्याला रकाना नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं १७०० साली आपल्या ग्रंथात सांगून ठेवलंय, की कष्टकरी रुग्णाला त्याचा धंदा विचारल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. तीनशे वर्षं होत आली, तरी तो प्रश्न या बाकापर्यंत पोचलेला नाही.

हे चित्र तुमच्यापुढं मी उभं केलंय. तो मेस्त्री म्हणजे कुणी एक ओळखीचा माणूस नव्हे. पेट्रोलनं हात धुणारा प्रत्येक जण असा आजारी पडत नाही, हेही खरं. एका माणसाच्या रक्ताकडं बघून हे बेंझीनचंच काम, असं छातीठोक सांगता येत नाही, आणि नेमका याच गोष्टीचा फायदा या विषाला मिळतो. किती हुंगलं आणि किती वर्षं हुंगलं, तसा धोका चढत जातो. कारण आणि परिणाम यांच्यात मात्र कित्येक वर्षांचं अंतर पडतं. तोवर शेड बदललेली असते, मालक बदललेला असतो, डबा भंगारात गेलेला असतो. मज्जा आटल्यामुळं होणारा अप्लास्टिक ॲनिमिया आणि रक्ताचा कर्करोग, यांतला तीव्र मायलॉइड ल्युकेमिया विशेषकरून, यांचा बेंझीनशी असलेला संबंध मात्र पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातलंय.

१९९४, चप्पल करणाऱ्यांच्या वस्तीत

पाऊस धो धो पडतोय. पहिल्या ओसरीवर अजून वादीचीच शिवण चाललीय. बायका पट्ट्यांना वेणी घालतायत. शेजारच्या घरात मात्र रबरी तळाच्या स्वस्त चपलांची घाई आहे. दिवसाला जोड जास्त पडतात, आणि पोट जोडांवर आहे.

"दार लावून घ्या, पाव्हणं. वाऱ्यानं सोल्यूशन सुकतंय," घरधनीण म्हणते.

दार लागतं. दहा बाय दहाची खोली. मधोमध उघडा डबा, त्यात ब्रश. डब्यावर आगीचं चित्र आहे, आत कोणतं द्रव्य आहे हे लिहिलेलं नाही. बेंझीन असेल, टोल्युइन असेल. टोल्युइनमध्येही बेंझीनचा अंश राहून गेलेला असू शकतो. बेंझीनची वाफ हवेपेक्षा पावणेतीनपट जड. उघड्या डब्यातून निघालेली दाट वाफ खाली उतरते आणि जमिनीलगत पसरते. काम करणारी बाई जमिनीवर बसलीय. तिच्या मागं गोधडीवर बाळ निजलंय.

तीन वर्षांमागं, १९९१ मध्ये, भारतानं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७१ चा बेंझीन करार स्वीकारलाय. बंद यंत्रणा किंवा तेवढीच सुरक्षित पद्धत नसेल तर बेंझीन द्रावक म्हणून वापरू नये, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना त्या कामावर ठेवू नये, असं त्यात आहे. कागद चांगला आहे. पण दार लावलेल्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत तो वाचणार कोण?

आज, शिरोलीची फौंड्री

कोल्हापूर आज देशातलं ओतकामाचं मोठं केंद्र आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या फौंड्र्यांतून निघालेली कास्टिंग्ज देशभरच्या गाड्यांत, ट्रॅक्टरांत, पंपांत बसतात. तुम्ही एका शेडमध्ये उभे आहात. भट्टीतून लॅडल, म्हणजे ओतायचं भांडं, भरून येतं. साधारण चौदाशे अंशांचं लोखंड साच्यात ओतलं जातं. साच्याच्या सांध्यांतून निळ्या-पिवळ्या ज्वाळा लवलवतात, मग धूर.

हा साचा ओल्या वाळूचा. वाळूत बेंटोनाइट माती आणि दगडी कोळशाची भुकटी मिसळलीय. भुकटीमुळं वाळू लोखंडाला चिकटत नाही, कास्टिंग गुळगुळीत निघतं. आता लंडनचं डांबर आठवा. साच्याच्या आत हवा नाही, भोवती वितळलेलं लोखंड आहे, आणि कोळसा तापतोय. गॅसच्या कारखान्यात जे घडत होतं तेच इथं साच्यात घडतं, आणि कोळशाच्या भुकटीतून बेंझीन निघतं. कोअर, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, घट्ट करायला वापरलेलं रेझिन जळतं, त्यातूनही निघतं. इथं कुणी बेंझीनचा डबा विकत आणलेला नाही, म्हणून कुणाच्या यादीत ते नाही.

ओतताना, साचा थंड होताना आणि नॉकआऊटच्या वेळी, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढताना ही वाफ सुटते. नॉकआऊटवर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाला गमछा आहे. गमछा धूळ थोडी अडवतो, बेंझीन अजिबात नाही. धूर सुटतो तिथंच तो ओढून घेणारं हूड आणि एक्झॉस्ट, कोळशाची भुकटी कमी करणारी मिश्रणं, कमी धूर सोडणारी रेझिनं, हे सगळं उपलब्ध आहे. जगाच्या बाजारात कास्टिंग विकणाऱ्या गावाला ते अशक्य नाही.

आज, तुमचं घर

घरी आलात तरी बेंझीन सुटत नाही, कारण जग त्यावर उभं आहे. थर्माकोल ज्या स्टायरीनपासून होतो ते बेंझीनचं. नायलॉनच्या दोरीचा कच्चा माल त्याचाच. कपडे धुण्याच्या पावडरीतला फेस करणारा घटक, इचलकरंजीच्या कापडावर चढलेले कित्येक रंग, प्लायवूड आणि कोअर जोडणाऱ्या रेझिनातलं फिनॉल, ताप उतरवणारी पॅरासिटामॉलची गोळी, या सगळ्यांची मुळं त्या सहा कार्बनच्या कड्यात आहेत. तयार गोळीत किंवा दोरीत ते मोकळं बेंझीन म्हणून उरत नाही. म्हणून या वस्तूंना घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते मोकळ्या वाफेला, आणि ती वाफ जिथं सुटते तिथं गरीब माणूस उभा असतो.

काही गोष्टी सुधारल्या. भारतात पेट्रोलमध्ये बेंझीन आता जास्तीत जास्त १ टक्का ठेवावं लागतं. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार बाहेरच्या हवेत त्याची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. पण गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर धुणाऱ्या पोराचे हात त्या एक टक्क्यातच बुडालेले आहेत. बिडी-सिगारेटच्या धुरातही बेंझीन असतं, आणि ओढणाऱ्याच्या शरीरात जाणाऱ्या बेंझीनचा मोठा वाटा त्या धुराचाच असतो. निपाणीच्या तंबाखूची बिडी तोंडात धरून नॉकआऊटवर उभा राहणारा माणूस दोन्हीकडून मार खातो.

आता काय करायचं

तुम्ही गॅरेजवाले असाल तर पेट्रोलनं हात धुणं आजपासून बंद करा. साबण, कोंडा, हात धुण्याची पेस्ट आहे. नळीनं पेट्रोल ओढायला हातपंप मिळतो, तो घ्या. चपला चिकटवत असाल तर दार उघडं ठेवा, डब्याला झाकण लावा, निजलेलं मूल दुसऱ्या खोलीत न्या, आणि दुकानदाराला डब्यात काय आहे ते लिहून मागा. फौंड्रीचे मालक असाल तर रेझिन आणि भुकटी पुरवणाऱ्याकडून सुरक्षा माहितीचा कागद घ्या, आणि पाळी चालू असताना नॉकआऊटवरची हवा एकदा मोजून घ्या. ताकद असलेल्या उद्योगानं हे आधी करावं, म्हणजे लहानांनाही करावं लागेल.

डॉक्टरांना एकच विनंती. फिकट पडलेला, वारंवार तापणारा कष्टकरी समोर बसला की विचारा, "काम काय करता? त्याआधी काय करत होता?"

आणि या वाफेत राबणाऱ्या प्रत्येकानं वर्षातून एकदा साधी सीबीसी तपासणी करून घ्यावी. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, हे आकडे वर्षागणिक उतरत असतील तर तो इशारा आहे. तो वेळेवर दिसला आणि संपर्क तोडला तर मज्जा सावरायला वाव मिळतो. ते रिपोर्ट टाकू नका. एका फायलीत वर्षवार लावा, आणि त्या वर्षी कुठं काम केलं, कोणता डबा वापरला, तेही त्यात लिहून ठेवा. उद्या आजाराचं कारण शोधायची किंवा नुकसानभरपाई मागायची वेळ आली, तर कामगाराच्या बाजूनं बोलायला ही फाईलच असेल.